‘बस’ म्हणू नका

माझी गाडी, म्हणजे मोटरसायकल, आजवर तीनदा पडली आणि तिन्ही वेळा ती उभी होती. चालत्या गाडीवरून मी अजून पडलेले नाही, नजर न लागो. उभी गाडी मात्र तीनदा आडवी झाली, आणि त्यातल्या दोन वेळा मागे कोणीतरी बसत होतं किंवा उतरत होतं. तिसऱ्या वेळचं सांगत नाही, तेव्हा मी एकटीच होते.

पहिल्यांदा पडली ती एका शब्दामुळे. मी गाडीवर बसून पायांनी ढकलत ती मागे घेत होते. मैत्रीण मागून धरून ओढत होती. पुरेशी मागे आली तशी मी हेल्मेटच्या आतून ओरडले, "बस, बस!" मला म्हणायचं होतं, पुरे. तिनं ऐकलं, बस. आणि ती बसायला निघाली. हात माझ्या खांद्यावर, डावा पाय मागच्या फूटरेस्टवर, आणि एका दमात अख्खी वर. त्या क्षणी माझं हँडल पूर्ण डावीकडे वळलेलं होतं, डावा पाय खडीवर होता आणि लक्ष आरशात होतं. पुढचं तुम्हाला दिसतच असेल. ती उडी मारून बाजूला झाली. गाडी आडवी. माझा पाय वेळेवर निघाला म्हणून वाचला. क्लचचा लिव्हर वाकला, डावा इंडिकेटर वायरीला लोंबायला लागला. तळहाताला लागलेली माती झटकत ती म्हणाली, "अगं, तूच म्हणालीस ना, बस?"

त्यानंतर कित्येक दिवस मी सगळ्यांना सांगत होते की हिला गाडीवर बसताच येत नाही. मग एकदा कागदावर हिशोब मांडला आणि गप्प झाले.

हिशोब साधा आहे. ती ६० किलोची. फूटरेस्टवर ताठ उभी राहिली तेव्हा तिचं वजन गाडीच्या मधल्या रेषेपासून साधारण २५ सेंटीमीटर बाहेर होतं. ६० गुणिले पाव, म्हणजे १५. गाडीच्या मधल्या रेषेपासून एक मीटर बाहेर येईल अशी काठी आडवी बांधा आणि टोकाला १५ किलोची गोणी लटकवा, तेवढी ओढ एका बाजूला. तीच जर माझ्या पाठीवर ओणवी होत, अंग मध्ये घेत चढली असती, तर वजन १० सेंटीमीटरच बाहेर राहिलं असतं आणि गोणी ६ किलोची झाली असती. माणूस तेच, फूटरेस्ट तोच, फरक फक्त चढताना अंग कुठे आहे याचा. आणि हे सावकाश चढणाऱ्याचं गणित झालं. उडी मारून चढणारा फूटरेस्टवर जो दणका देतो तो आणखी वेगळा.

त्यात गाडीचं स्वतःचं वजन आहेच. माझी १५० किलोची आहे. सरळ उभी असली की दोन बोटांनी पेलते. चार-पाच अंश कलली की हाताला जाणवते, त्याच्या पुढे गेली की मांडीला, आणि त्याच्याही पुढे गेली की सोडून द्यावी. हे शेवटचं मला कोणी सांगितलं नव्हतं. पडणारी गाडी अर्ध्यावर अडवायला जाऊन मी कंबर धरून बसले आहे. लिव्हर नवा मिळतो, मणका मिळत नाही.

हँडलचं तर मी विसरूनच गेले होते. हँडल वळलेलं असताना गाडी जरा जरी पुढे सरकली आणि पुढचा ब्रेक दाबला गेला, की वळलेल्या बाजूला ती बसकण मारते. तेव्हा चूक तिची चार आणे आणि माझी बारा आणे. तिला मागून माझं हँडल दिसत नव्हतं, पाय खडीवर आहे हे दिसत नव्हतं. दिसत होती माझी पाठ, आणि ऐकू आलं होतं ‘बस’.

तेव्हापासून माझ्या गाडीवर हा शब्द बंद आहे. ‘चल’ पण बंद, कारण ‘चल’ म्हणजे बस, निघूया, उतर आणि ऐक यातलं काहीही असू शकतं. ‘हं’ तर कुठल्याच कामाचा नाही. आमच्याकडे शब्द आहे ‘टांग’. मी मोठ्यानं ‘टांग!’ म्हटलं की मागच्यानं टांग टाकायची. त्याच्या आधी फूटरेस्टला पायसुद्धा लावायचा नाही. नीट बसून झाल्यावर त्यानं म्हणायचं, "बसलो." हे ऐकल्याशिवाय मी गिअर टाकत नाही. नवीन माणूस पहिल्यांदा हसतो. हसू दे.

‘टांग’ म्हणायच्या आधी माझी बरीच कामं असतात आणि ती मागच्याला दिसत नाहीत. गाडीवर बसण्याआधीच मी मागचे दोन्ही फूटरेस्ट उघडून ठेवते, पूर्ण, खट्‌ आवाज येईपर्यंत. अर्धवट उघडलेल्या फूटरेस्टवर वजन पडलं की तो मिटतो आणि पाय घसरतो. जागा सपाट आणि टणक बघते. माझ्या डाव्या बाजूला जमीन उतरती असेल तर दहा पावलं पुढे जाते, कारण चढणारा डावीकडून चढणार, गाडी डावीकडे ओढली जाणार, आणि तिथेच जमीन खाली असेल तर माझा पाय हवेत. वाळू, ओली पानं, सांडलेलं तेल या सगळ्यावर आधी बुटाचा तळवा घासून बघते. चढावर, गाडीचं तोंड वर असताना, मी कुणाला बसू देत नाही. दोन्ही पाय खाली टेकलेले असले की मागचा ब्रेक दाबता येत नाही, गाडी पुढच्या ब्रेकवरच असते. त्यात मागचा माणूस मागच्या चाकाच्या जवळपास वर बसला की पुढचं चाक हलकं होतं आणि ब्रेक दाबलेला असूनही गाडी मागे घसरू शकते.

मग बसायचं, साईड स्टँड काढायचा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडल सरळ, पुढचा ब्रेक घट्ट, दोन्ही पाय खांद्यांपेक्षा जरा जास्त रुंद. न्यूट्रलचा आग्रह एवढ्यासाठी की चढणारा खांद्याला लोंबकळला की आपला हात मागे जातो आणि मूठ पिळली जाते. न्यूट्रलमध्ये नुसतं इंजिन ओरडतं. गिअरमध्ये असेल आणि क्लच सुटला, तर गाडी उडी मारते आणि मागचा खाली. खांद्यावर हात ठेवायचा असतो, खांदा ओढायचा नसतो. हे वाक्य मी इतक्या लोकांना सांगितलंय की आता झोपेतही म्हणेन.

काही जण स्टँडवरच चढायला सांगतात. फार जड गाडी आणि बुटका चालवणारा असेल तर तसं करतात हे खरं आहे. पण इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि जमीन काँक्रीटसारखी टणक हवी. गाडी पुढे सरकली की साईड स्टँड आपोआप मागे मिटतो, त्याची घडणच तशी आहे. मऊ जमिनीत तो रुततो ते वेगळंच. मला ते धाडस होत नाही. माझे पाय मला कळतात, स्टँडचं मनातलं कळत नाही.

चढणं कसं, तर तोंड गाडीच्या दिशेला, डावा हात माझ्या डाव्या खांद्यावर, डावा पाय फूटरेस्टवर, आणि वर येता येताच कंबरेत वाकून छाती माझ्या पाठीकडे आणायची. उजवा पाय मागून सरळ, सीटवरून पलीकडे. मग सीटवर सावकाश टेकायचं. धपकन बसणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही, माझा शॉकअप बोलतो. लांब पायांचा माणूस असेल तर फूटरेस्ट वापरायचीच गरज नाही. जमिनीवरूनच टांग टाकायची, मग काठीला लटकणारी ती गोणीच नाही. मी त्या क्षणी किंचित उजवीकडे कलते, नकळत होतं आता.

आता बाबांविषयी.

मला गाडी बाबांनी शिकवली. चाळीस वर्षं त्यांनी गाडी चालवली आणि त्यांच्याइतका वाईट डबलसीट माणूस मी पाहिलेला नाही. चांगला चालवणारा मागे बसला की बिघडतो, असं माझं मत झालंय. त्याच्या अंगात भिनलेलं असतं की गाडी थांबली म्हणजे आपणच थांबवली, आणि उतरायचं कधी ते आपणच ठरवायचं.

एकदा अरुंद गल्लीत समोरून मोठी गाडी आली म्हणून मी कडेला थांबले. बाबांना वाटलं, पोचलो. त्यांचा डावा पाय जमिनीवर, उजवा पाय सीटवरून अर्ध्यात आला होता, दोन्ही हात माझ्या खांद्यांवर. समोरची गाडी निघून गेली आणि मी क्लच सोडला. ते एका पायावर लंगडी घालत तीन-चार पावलं माझ्याबरोबर आले. मला आधी कळलंच नाही, वाटलं खांदे का दाबतायत. मग "अगं, अगं, अगं" ऐकू आलं. थांबले. घोट्याला मुरगळ, बाकी काही नाही. ते म्हणाले, "गाडी थांबली होती." मी म्हटलं, "बाबा, मी उतरा म्हटलं का?" ते म्हणाले, "म्हणायला कशाला पाहिजे?" यावर आमचं तीन दिवस चालू होतं.

खरं तर त्या दिवशीही मीच बोलायला हवं होतं. "पोचलो नाही अजून, गाडी येतेय," एवढंच. तेव्हापासून मी थांबले की कारण सांगते. सिग्नल. खड्डा. म्हशी. बाबा म्हणतात, रेडिओ लावल्यासारखं वाटतं.

उतरताना धोका जास्त असतो असं मला वाटतं, कारण चढताना दोघंही सावध असतात, उतरताना दोघांचंही मन घरात पोचलेलं असतं. आणि माझ्यासारख्या बुटक्यांसाठी एक गोम आहे, जी मला कळायला फार वेळ लागला. दोघं बसलेलो असताना शॉकअप दबलेला असतो, सीट खाली गेलेली असते, माझ्या टाचा व्यवस्थित टेकतात. बाबा ७८ किलोचे. ते उठले की मागची बाजू वर येते आणि नेमकं त्याच क्षणी माझ्या टाचा उचलल्या जातात. म्हणजे गाडी सर्वात जास्त हलते तेव्हा माझा आधार सर्वात कमी. माझी दुसऱ्यांदा पडली ती अशीच, एका सहकाऱ्याला सोडताना. त्यानं उतरताना खांद्याला हिसका दिला एवढंच निमित्त झालं. आता मी ‘उतरा’ म्हणायच्या आधीच चवड्यांवर भार घेऊन तयार असते. शिवाय आरशावर विश्वास न ठेवता मान वळवून मागे बघते. दोन गाड्यांच्या फटीतून घुसणारा सायकलवाला आरशात येत नाही.

उतरायचं डावीकडूनच. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो. माझ्या उजव्या पोटरीवर अंगठ्याएवढा डाग आहे, सात वर्षांची असताना घाईनं उजवीकडून उतरले त्याचा. बाबा गाडी चालवत होते. (तेव्हा त्यांनी उतर म्हटलं नव्हतं, हे मी अधूनमधून आठवण करून देते.) भाजलंच तर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचं, घड्याळ लावून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. माझ्या पायाला टूथपेस्टच लावली होती.

दोन वर्षांपूर्वीपासून बाबांचा उजवा गुडघा नीट वाकत नाही. नेमका उजवा, जो पलीकडे टाकायचा. आम्ही आधी उजवीकडून चढून बघितलं. निघताना सायलेन्सर गार असतो, तेव्हा ते जमलं. पण पोचल्यावर उतरायचं कसं, तिकडे तर तो तापलेला. मग उपाय सापडला फुटपाथच्या कडेचा. कड साधारण १५ सेंटीमीटर उंच, माझी सीट ८० सेंटीमीटर. कडेवर उभं राहिलं की चढायची उंची एकदम ६५ वर येते. गाडी कडेला समांतर लावायची, मध्ये वीतभर जागा सोडायची, नाहीतर फूटरेस्टच कडेला घासतो. माझा डावा पायही मी कडेवरच टेकवते, त्यामुळे टाचेचं दुखणंही संपतं.

आणि गुडघा वाकवायचाच नसतो हे आम्हाला तिथे उमजलं. ते दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवतात, कंबरेत वाकतात, हनुवटी जवळजवळ माझ्या हेल्मेटला लागते, आणि उजवा पाय काठीसारखा सरळ ठेवून मागून फिरवतात. उतरताना तेच उलट. जितके जास्त वाकतात तितका पाय आपोआप वर जातो, आणि वजन गाडीच्या मध्यावर राहतं. गुडघा धड असताना ते ताठ मानेनं चढायचे आणि गाडी गदगदा हलायची. आता हलत नाही. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे गुडघा गेला ते बरंच झालं म्हण."

बाकी किरकोळ. मागे पेटी लावलेली असेल तर पाय सीट आणि पेटीच्या वरून फिरणार नाही, पेटी आणि चालवणाऱ्याची पाठ यांच्या मधून न्यायचा, त्यामुळे आपण पुढे सरकून जागा करायची. पाठीवर जड सॅक असलेल्या माणसाला तोल कळत नाही, सॅक आधी काढून टाकीवर घ्यावी, तो बसल्यावर द्यावी. स्कार्फची लोंबती टोकं आत खोचून घ्यायला लावायची, चेन आणि मागचं चाक कुणाचीही भीड ठेवत नाही. लहान मुलाचे पाय फूटरेस्टला पोचत नसतील तर तो अजून डबलसीटच्या वयाचा नाही, मग त्यानं कितीही रडू दे. हवा एकट्याला आणि दुकट्याला वेगळी लागते, माझ्या गाडीच्या स्टिकरवर मागच्या चाकाला २८ आणि ३२ लिहिलंय. शॉकअपला पाच खाचा आहेत, बाबांना घेऊन लांब जायचं असेल तर हूक पान्यानं दोन खाचा वाढवते. रोज कोण करतंय.

गेल्या महिन्यात भाच्याला लायसन्स मिळालं. पहिलं डबलसीट मावशीला, असं त्यानं आधीच कबूल केलं होतं. त्यानं गाडी बाहेर काढली, स्टँड काढला, फूटरेस्ट उघडलेले होते, मी बघितलं. मी माझ्याच विचारात हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि डावा पाय उचलून फूटरेस्टवर टेकवला. गाडी डुगडुगली. त्यानं मान वळवली नाही, नुसता हेल्मेटमधून आवाज आला.

"मावशी, टांग म्हटलं का मी?"

मी पाय खाली घेतला. मागून खरंच काही दिसत नाही. हेल्मेटचा गोळा आणि शर्टाची शिवण, एवढंच. त्याचा पाय कुठे आहे, ब्रेक धरलाय का, मला काही पत्ता नव्हता. मी हात बाजूला घेऊन उभी राहिले. त्यानं हँडल सरळ केलं, बूट जमिनीवर दोनदा घासला, जरा जास्तच वेळ घेतला.

"टांग!"